उपटलेल्या घरांचं गाव

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनभोवती नवी शहरं वसवायची ठरली आणि 1947 साली ससेक्समधल्या क्रॉलीचा नंबर लागला. आखणीत आडवी आलेली जुनी शेतघरं पाडली गेली. त्यांतली काही थेट मध्ययुगातली होती. गढ्यांना आणि चर्चना वाली मिळतो. शेतकऱ्याच्या घराचं ओकचं लाकूड मात्र सरपणात जातं. इतिहासाचे अभ्यासक रॉय आर्मस्ट्राँग यांना हे खटकत होतं.

1967 मध्ये मोजके सोबती जमवून त्यांनी ‘वील्ड अँड डाउनलँड’ या खुल्या संग्रहालयाची मुहूर्तमेढ रोवली. चिचेस्टरजवळच्या सिंगलटन गावी 40 एकर जागा मिळाली ती वेस्ट डीन इस्टेटची, म्हणजे एडवर्ड जेम्स यांची. दालीची चित्रं घाऊक विकत घेणाऱ्या या रसिकाने कोठारं-गोठ्यांसाठी जमीन द्यावी, याची मला अजूनही गंमत वाटते. नियम सुरुवातीलाच ठरला: जागच्या जागी वाचू शकणारी इमारत उचलायची नाही.

पहिली घरं आली ती धरणग्रस्तच होती. केंटमध्ये बाऊ बीचचा जलाशय होणार होता, त्याच्या क्षेत्रात विंकहर्स्ट आणि बे-लीफ ही दोन जुनी शेतघरं सापडली. ती हलवता आली याचं श्रेय मूळ सुतारांना. अशा घराचा सगळा सांगाडा खाच आणि कूस यांच्या सांध्यांवर उभा असतो. ओक ओलं असतानाच तासतात. कुशीतलं भोक खाचेतल्या भोकापासून किंचित कुशीच्या बुडाकडे सरकवून पाडतात, त्यामुळे सुक्या ओकची खुंटी ठोकली की ती कूस आत ओढून घेते आणि सांधा आवळला जातो. पुढे लाकूड वाळतं, थोडं पिळवटतंही, पण सांधा सुटत नाही. खुंट्या काढल्या की घर पुन्हा तुळया, खांब आणि वासे होऊन जमिनीवर येतं. सांध्यांवर सुतारांनी कोरलेल्या खुणा असतात, रोमन आकड्यांसारख्या. चारासाठी सरळ चार रेघा. कोणता तुकडा कुठे बसतो हे त्या पाचशे वर्षांनीही सांगतात.

सप्टेंबर 1970 मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. पुढे बे-लीफ उभं राहिलं आणि तेच संस्थेचा चेहरा बनलं. मध्ये दोन खणांचं, थेट वाशांपर्यंत उघडं दालन. जमिनीवर उघडी चूल, धुराडं नाही. खिडक्यांना काच नाही, नुसती झापं. भिंती आपल्याकडच्या कुडासारख्याच, काटक्यांच्या विणीवर माती-शेण-पेंढ्याचा गिलावा. लाकडाच्या वर्तुळांवरून कळलं की घराचा बराचसा भाग 15व्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, आणि एक टोक जवळपास शंभर वर्षांनी जोडलेलं. शेजारी कोठार आणलं, परस, फळबाग, जनावरं आणली, आणि 1540 च्या सुमाराचं नांदतं शेतघर सजवलं. सामान सगळं नव्याने घडवलेलं, त्यामुळे पाहुण्याला बाकावर बसता येतं. दोरीपलीकडून दाखवलेल्या पुराणवस्तूंपेक्षा मला हे शतपट बरं वाटतं.

विंकहर्स्टची गोष्ट याहून शिकवणारी. पहिलं मानाचं घर म्हणून ते एकटंच, ऐटीत उभं केलं होतं: मध्ययुगीन लहान शेतकऱ्याचं घर. पुढे चौकटीचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा निघालं की हे स्वतंत्र घर नव्हतंच, एका मोठ्या घराला जोडलेलं स्वयंपाकघर होतं. संस्थेने चूक फलकावर सुधारून भागवलं नाही. इमारत पुन्हा उतरवली, आवारातच दुसऱ्या जागी नेली आणि ट्यूडर स्वयंपाकघर म्हणून चुलीसकट चालती केली. स्वतःचीच पहिली इमारत मोडायला धारिष्ट लागतं. याच शिस्तीतून रिचर्ड हॅरिससारखे अभ्यासक संस्थेत घडले आणि लाकडी इमारतींच्या जतनावर एमएससीपर्यंतचे अभ्यासक्रम इथे चालू झाले.

उतरवलेल्या चौकटी आडव्या मांडून दुरुस्त करायला मोठं छप्पर हवं होतं. त्यासाठी वास्तुविशारद एडवर्ड कलिनन यांच्या कार्यालयाने रेखाटलेलं ‘ग्रिडशेल’ 2002 साली पूर्ण झालं. ओल्या ओकच्या बारीक पट्ट्यांची सपाट जाळी उंच परांचीवर विणली, मग परांची हळूहळू खाली घेत जाळीला लाटेसारखा बाक दिला. वास्तुकलेच्या स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत ही इमारत होती, पण मान गेट्सहेडच्या पुलाला गेला. वर सुतारांची कामाची जागा, खाली तळघरात शेती-अवजारांचा साठा.

आता इथे सुमारे 50 इमारती आहेत. 2017 पासून गर्दी आणखी वाढली ती बीबीसीच्या ‘द रिपेअर शॉप’ या मालिकेमुळे. तिचं चित्रीकरण ली-ऑन-द-सोलंटहून आणलेल्या जुन्या कोठारात होतं, आणि नेमकं तेच पाहायला आलेल्यांना चित्रीकरण चालू असताना आत जाता येत नाही. मग ते नाइलाजाने बे-लीफकडे वळतात. संस्थेचा त्यात तोटा नाही.