गव्हर्नमेंट प्लीडर ते सरन्यायाधीश

आपल्या देशात न्यायाधीश मते मागून होत नाही. यशवंतराव चंद्रचूड सरकारची वकिली करीत त्या खुर्चीपर्यंत गेले. १९५२ साली ते मुंबईस साहाय्यक सरकारी वकील झाले व १९५८ साली गव्हर्नमेंट प्लीडर.

पुढच्याच वर्षी आरमाराचे कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजांना गोळ्या घातल्या. कुलाब्याचे आरमार आपल्या शेजारचे. त्या पांढऱ्या गणवेशाचा दरारा आपल्याला का ठाऊक नाही? ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले. जज्जसाहेबांना ते पटले नाही व प्रकरण हायकोर्टात गेले. लोकांचा ओढा नानावटींकडे, आणि सरकारच्या बाजूने उभे चंद्रचूड! मार्च १९६० मध्ये जन्मठेप झाली. १९६१ साली चंद्रचूड स्वतः हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, १९७८ साली सरन्यायाधीश. त्या पदावर सात वर्षांहून अधिक काळ राहिले ते एकटेच.

आणीबाणीत, १९७६ साली, स्थानबद्धाला कोर्टाचे दार बंद करणाऱ्या निकालात तेही होते. मला ते अजून खटकते.

पण निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १० जुलै १९८५ रोजी, मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात त्यांनी सांगितले की, पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. फुटपाथ मात्र त्यांना दिला नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या हटवू नयेत, एवढे बजावले. भर पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या आपल्या घरांना त्या मुदतीची किंमत मी काय सांगावी?