सांधण दरीचा एक दिवस: प्लॅन आमचा, वाट त्यांची

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना आणि लोकलमध्ये आवाज म्यूट करून हे वाचणाऱ्यांना, दोघांनाही नमस्कार. आजचा भाग जरा वेगळा आहे. दरवेळी मी इतिहास सांगतो आणि शेवटी कोणीतरी विचारतं, "दादा, तिकडे जायचं कसं?" म्हणून आज उलट करू. जायचं कसं इथून सुरू करू, इतिहास वाटेत भेटेलच.

ठिकाण आहे सांधण दरी. गाव साम्रद, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. एका बाजूला रतनगड, समोर अलंग, मदन आणि कुलंग, खाली कोकण. या सगळ्यांच्या मधोमध जमिनीला एक लांबच लांब चीर पडलीय. आत उतरलं की दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती, काही ठिकाणी दोनशे फुटांहून उंच. एखाद्या जागी हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागतील की काय, असं वाटतं. दिवसातला बराच वेळ तळाशी ऊन पोचत नाही, म्हणून हिला सावल्यांची दरी म्हणतात.

आधी एक कबुली. मागच्या वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण गेलो होतो. पाचही जण इंजिनिअर. प्लॅनिंग एकदम कडक: गुगल शीट, त्यात प्रत्येक कामासमोर नाव, पेट्रोलचा हिशेब, प्लेलिस्टसुद्धा. प्रत्यक्षात पहाटे चारला निघायचं ते निघालो साडेसहाला. हायवेवर नाश्ता, धरणाजवळ फोटो, मग अजून एका पॉइंटवर फोटो. साम्रदला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता.

दरीच्या तोंडाशी एक म्हातारे बाबा बसले होते. म्हणाले, "आता लई आत नका जाऊ, पोरांनो. उजेड लवकर जातो हितं."

आम्ही हसून मान डोलावली आणि उतरलो. घड्याळात सूर्यास्त सहाचा होता ना! पण सहा वाजता मावळतो तो आकाशातला सूर्य. दरीच्या तळाचा उजेड त्याच्या कितीतरी आधी जातो. साडेतीनलाच आत संध्याकाळ झाली. परत फिरताना आमच्यातल्या एकाचा पाय ओल्या धोंड्यावरून घसरला आणि गुडघा सुजला. पाच जणांत टॉर्च एक, तीही मोबाइलची, बॅटरी ११ टक्के. नेटवर्क शून्य.

आम्हाला बाहेर काढलं ते त्याच बाबांनी. बराच वेळ पोरं दिसली नाहीत म्हणून नातवाला घेऊन ते स्वतः आत आले. जखमी मित्राला नातवाने जवळजवळ पाठीवरच घेतलं. वर आल्यावर मी पाकीट काढलं तर बाबा म्हणाले, "पैशाचं नंतर बघू. आधी च्या घ्या." चहा पिताना त्यांनी सहज सांगितलं, की त्यांची आजी शेजारच्या घाटाने डोक्यावर ओझं घेऊन खाली कोकणात जायची आणि परत वर यायची. आमच्यासाठी जो 'अॅडव्हेंचर' होता, तसा रस्ता तिचा बाजाराचा होता.

मला ते लागलं. आमच्या शीटमध्ये चोवीस ओळी होत्या. त्यात या गावाचं, या माणसांचं नाव एकाही ओळीत नव्हतं. म्हणून यंदा परत जायचं ठरवलं, तेव्हा शीटच्या आधी इतिहास वाचायला घेतला. तो असा.

पहिला थर: दगड

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये प्रचंड प्रमाणात लाव्हा बाहेर पडला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. तोच आपला काळा कातळ, बसाल्ट. सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात ना, ते हे थर. अशा कातळात भेगा असतात, आणि पाण्याला भेग सापडली की ते सोडत नाही. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या भागांपैकी एक. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो. इतकं पाणी लाखो वर्षं एका चिरेतून कोकणाकडे धावत राहिलं, तर सांधण तयार होते.

अजून एक गंमत. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा पूर्वेला जाते, गोदावरीला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. सांधणीतलं पाणी पश्चिमेला, अरबी समुद्राकडे. म्हणजे साम्रदच्या परिसरात पडलेल्या पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडूनही दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतात.

दुसरा थर: वाट

देश आणि कोकण यांच्यामध्ये ही उभी भिंत, पण माणसांना दोन्हीकडचं लागतं. कोकणात मीठ आणि बंदरं, वर धान्य. म्हणून सह्याद्रीत जागोजागी घाटवाटा झाल्या. सगळ्यात प्रसिद्ध नाणेघाट, जिथे सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. पण नाणेघाटासारखा मान न मिळालेल्या वाटा कितीतरी. साम्रदहून खाली शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाकडे उतरणारा करोली घाट त्यातलाच. बाबांची आजी जायची ती याच घाटाने.

घाटवाट म्हटली की तिच्यावर लक्ष ठेवायला किल्ला आला. रतनगड, अलंग, कुलंग हे नुसते व्ह्यू पॉइंट नव्हेत. खालून कोण वर येतंय, काय घेऊन येतंय, हे बघणारे ते डोळे होते. आणि किल्ल्यांची राखण करायची कोणी? ज्यांना वाटा पाठ होत्या त्यांनी. या भागात ते काम मोठ्या प्रमाणावर महादेव कोळी समाजाकडे होतं. त्याबदल्यात वेतन आणि वतनाचे हक्क मिळायचे.

तिसरा थर: बंड

१८१८ साली पेशवाई संपली. इंग्रजांना हे डोंगरी किल्ले नकोच होते, कारण उद्या कोणी बंड केलं तर आसरा इथेच मिळणार. म्हणून अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंग लावून तोडल्या. आज अलंग-मदनला दोर लावून चढावं लागतं, त्यामागे हाही इतिहास आहे. गडच निकामी झाले तर राखणदारांचं काय? त्यांची वेतनं आणि हक्क कमी झाले. वरून शेतसारा रोखीत भरायचा, रोख नाही म्हणून सावकाराकडे जायचं, आणि सावकाराच्या वहीत एकदा नाव चढलं की जमीन गेली.

यातून उठले राघोजी भांगरे. जन्म १८०५चा, गाव देवगाव, अकोले तालुक्यातलंच. १८४४-४५ मध्ये त्यांचं बंड नगर-नाशिक-पुण्याच्या डोंगरपट्ट्यात पेटलं. राग इंग्रज सत्तेवर होता, तसाच सावकारांवरही. सैन्य मागे लागलं, पण डोंगर राघोजींच्या ओळखीचा होता, सैन्याच्या नाही. त्यांचे भाऊ बापू आधी पकडले गेले. राघोजी मात्र निसटत राहिले. शेवटी १८४८च्या जानेवारीत ते पकडले गेले तेही डोंगरात नाही, पंढरपुरात. ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी त्यांना फाशी दिलं.

पुढचा तपशील मला जास्त बोलका वाटतो. १८५७ साली देशभर उठाव झाला, तेव्हा इंग्रजांनी याच डोंगरात महादेव कोळ्यांचीच एक तुकडी उभी केली, कॅप्टन नटॉलच्या हाताखाली. कारण साधं: या वाटा दुसऱ्या कोणाला येत नव्हत्या. गरज संपल्यावर १८६१ साली ती तुकडी मोडली. म्हणजे या माणसांचं ज्ञान सगळ्यांना हवं होतं, गरज असेपर्यंत.

चौथा थर: रेल्वे आणि धरण

१८६५ साली थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रेल्वे सुरू झाली. जो माल डोक्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून जायचा तो डब्यात बसला. पायवाटांचा व्यापार हळूहळू आटला. वाटा राहिल्या, पण फक्त गावकऱ्यांपुरत्या.

मग १९१०मध्ये भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधायला घेतलं आणि १९२६ साली त्याचं उद्घाटन झालं. नाव मिळालं तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. उंची सुमारे ८२ मीटर. त्या काळासाठी हे काम थक्क करणारं होतं, आणि एक इंजिनिअर म्हणून मी त्याला सलाम करतो. त्या पाण्याने खाली प्रवरा खोऱ्यात ऊस उभा राहिला आणि पुढे लोणीला सहकारी साखर कारखानाही. पण ज्यांच्या खोऱ्यात पाणी अडवलं, त्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. वरच्या वाड्यांमध्ये मे महिन्यात हंडे घेऊन चालणाऱ्या बायका दिसतात तेव्हा ती म्हण आठवते: धरण उशाला, कोरड घशाला.

अजून एक थर आपल्या काळातला. घाटघरला २००८पासून २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प चालू आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी चारशे मीटरच्या आसपास खाली चोंढ्याच्या तलावात सोडून वीज करतात, आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपाने परत वर. वाचलं तेव्हा मला बाबांची आजीच आठवली. खाली जा, परत वर ये.

आता प्लॅन

यंदाची शीट मी पुन्हा लिहिली. तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, महिना. पावसाळ्यात सांधण म्हणजे पाण्याची वाट, माणसाची नाही. वर कुठेतरी पाऊस झाला तरी आत लोंढा येतो आणि पळायला बाजूला जागाच नाही. त्यामुळे पावसाळ्यात अजिबात नाही. पाऊस पूर्ण थांबल्यावर, हिवाळ्यात जायचं.

दुसरी, वेळ. कसारा घाट, इगतपुरी, घोटी, शेंडी, घाटघर, साम्रद हा रस्ता. सकाळी साडेसातला गावात असायचं. लोकलने येणार असाल तर कसाऱ्यापर्यंत या आणि पुढची जीप आदल्या दिवशी ठरवून ठेवा.

तिसरी, मर्यादा. आत दोन डोह लागतात. महिन्याप्रमाणे पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत असू शकतं. पुढे मोठाल्या धोंड्यांवरून चाल, आणि मग थेट कडा, जिथून खाली उतरायला दोर आणि जाणकार माणसं लागतात. एका दिवसाच्या ट्रिपला त्या कड्याच्या आधीच परत फिरायचं. आम्ही मागे फिरायची वेळ ठरवलीय दुपारी साडेबारा. कुठेही असलो तरी.

चौथी, सामान. भिजले तरी चालतील असे, पकड असलेले बूट. माणशी एक टॉर्च. बॅगेत प्रथमोपचार. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, तेव्हा नाक्यावरची फी भरायची आणि कचरा सोबत परत आणायचा.

आणि पाचवी ओळ, जी मागच्या वेळी नव्हती: गावातला वाटाड्या. पैसे आधी ठरवून, घासाघीस न करता. जेवण गावातच सांगायचं. भाकरी, पिठलं, ठेचा, सोबत इथला तांदूळ. एखादा मित्र म्हणेल, "अरे, मॅपवर सगळं दिसतं की." त्याला आमच्या गुडघ्याची गोष्ट सांगा.

परवा मी बाबांच्या नातवाला फोन केला. तारीख सांगितली. तो म्हणाला, "या की. पण दादा, ह्या वेळी सकाळी या." मागून बाबांचा आवाज आला, "आणि त्या पोराचा पाय बरा झाला का, इचार."

झालाय बाबा. तोही येतोय.

तर मंडळी, हा भाग इथे थांबवतो. तुमच्या ट्रेकच्या वाटेत असं कोणी माणूस भेटलं असेल, तर त्याची गोष्ट आम्हाला व्हॉइस नोटने नक्की पाठवा. आणि निघण्याआधी तुमची शीट एकदा उघडून बघा, त्यात ती ओळ आहे ना. भेटू पुढच्या भागात.