तारेतली खरखर

एकोणतिसावा रोजा सुटला की आमच्या अब्बांचं खाण्यात लक्ष नसायचं. हातातला खजूर हातातच राहायचा आणि कान फळीवरच्या रेडिओकडे लागायचे. चाँद दिसला का, उद्या ईद की आणखी एक रोजा, याची खबर बातम्यांत येणार असायची. साल १९७९ किंवा ८० असेल. गाव जुन्नर तालुक्यातलं. आणि नेमकी त्याच वेळी शेजारची पिठाची गिरणी सुरू व्हायची. निवेदकाचा आवाज खरखरीत बुडून जायचा. अब्बा मला पिटाळायचे. मी गिरणीच्या दारात उभा राहून ओरडायचो, "अण्णा, पाच मिनिटं मोटर बंद करा, चाँदची खबर यायचीय!" अण्णा पिठानं पांढरे झालेले हात झटकत बटण खाली ओढायचे. दळणाला आलेल्या बायाही निमूट थांबायच्या.

ही खरखर येते कुठून, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पण या खरखरीला स्वतःचा इतिहास आहे आणि त्यातला एक मोठा अध्याय आपल्या पुणे जिल्ह्यात लिहिला गेला आहे, हे कळलं तेव्हा मात्र मी त्याच्या मागेच लागलो.

जर्मनीत हाइनरिश हर्ट्झनं १८८७-८८ च्या सुमारास रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या, त्या विजेच्या ठिणगीतून. म्हणजे प्रत्येक ठिणगी हे एक छोटंसं रेडिओ केंद्रच असतं. ते बोलत काही नाही, नुसतं ओरडतं. मोटरचा स्टार्टर, सैल झालेली जोडणी, विजेच्या खांबावरचा तडकलेला चिनी मातीचा इन्शुलेटर, जिथं ठिणगी तिथं हा ओरडा. आणि हवेत लांबवर ताणलेली कुठलीही तार तो ओरडा ऐकते. तिला अँटेना व्हायचं नसतं, पण ती होते.

टेलिफोनला हा त्रास जन्मापासून आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ साली. त्या काळी जगभर टेलिफोनला बहुधा एकच तार असे आणि परतीची वाट जमिनीतून. शहरांत विजेचे दिवे आणि विजेच्या ट्राम आल्या तसा त्या एकट्या तारेत गोंगाट माजला. त्यावरचा उपाय अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्येच पेटंट करून ठेवला होता. एका तारेऐवजी दोन घ्या आणि त्यांना एकमेकींभोवती पीळ द्या. बाहेरचा ओरडा दोघींवर सारखाच पडतो, आणि ऐकणारं यंत्र दोघींमधला फरक तेवढाच ऐकतं. सारखं ते वजा होतं, बोलणं उरतं. टेलिफोनच्या केबलीतल्या तारांना पीळ असतो तो यासाठी.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. बेल टेलिफोन कंपनीनं अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओलहरींवरून टेलिफोन सेवा सुरू केली होती, आणि तिच्यात खरखर यायची. ती शोधून काढायचं काम कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे आलं. त्यानं न्यू जर्सीतल्या एका शेतात जुन्या फोर्ड मोटारीच्या चाकांवर फिरणारी अँटेना उभारली आणि महिनोन् महिने ऐकत बसला. जवळच्या वादळांची खरखर सापडली, लांबच्या वादळांची सापडली. तिसरी एक मंद, सतत फुसफुस मात्र कशातच बसेना. ती रोज चार मिनिटं लवकर यायची. तारे उगवतात तेही रोज चार मिनिटं लवकर. ही फुसफुस आकाशगंगेच्या मध्यभागातून येत होती! १९३३ मध्ये हे जाहीर झालं आणि रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला. फोनमधल्या बिघाडाची तक्रार शोधायला गेलेला माणूस थेट ताऱ्यांपाशी पोचला.

आपल्या खेड्यांत फोन घरोघरी जायला १९८० चं दशक संपावं लागलं. सी-डॉट या संस्थेनं आपल्या उन्हाधुळीत टिकणारं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. मग २००४ चं ब्रॉडबँड धोरण आलं आणि सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या झाली. नवी तार टाकायची नव्हती. बोलायच्या त्याच तांब्याच्या तारेवर इंटरनेट बसवायचं होतं.

इथं गंमत आहे. बोलण्याला तारेची अगदी खालची चार किलोहर्ट्झची पट्टी पुरते. ब्रॉडबँडचे संकेत त्याच्या वर, सुमारे २५ ते ११०० किलोहर्ट्झपर्यंत चालतात. हे आकडे रेडिओ ऐकणाऱ्यांना ओळखीचे वाटतील, कारण मध्यम लहरी तिथंच आहेत. आपल्या पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ त्याच पट्ट्यातले. म्हणजे जी खरखर अब्बांच्या रेडिओत यायची, ती आता इंटरनेटच्या तारेत शिरणार हे ठरलेलंच होतं. मोडेम या पट्ट्याचे अडीचशे बारीक भाग पाडतो आणि जिथं गोंगाट कमी तिथं जास्त माल भरतो. पण अचानक मोठी ठिणगी पडली तर सगळेच भाग एकदम बिघडतात, जोडणी तुटते आणि मोडेम पहिल्यापासून सुरुवात करतो. शहरात एक्स्चेंज जवळ, संकेत जोरकस, त्यामुळे हे फारसं जाणवत नाही. खेड्यात एक्स्चेंज चार-पाच किलोमीटरवर, संकेत थकून आलेला, शेवटची तार विजेच्या तारांना समांतर, सांधे गंजलेले. मग बेलच्या त्या पिळाचा फायदा उरत नाही.

आमच्या गावच्या घरी थोरल्या भावानं २००८ मध्ये ब्रॉडबँड घेतलं, आणि रोज रात्री दहानंतर ते तुटायला लागलं. तक्रारी झाल्या, मोडेम बदलला. शेवटी एक वयस्क लाइनमन आला. खांद्याला पिशवी, पिशवीत छोटा ट्रान्झिस्टर. मध्यम लहरीवर कुठलंच स्टेशन लागणार नाही अशा जागी काटा ठेवून तो तारेखालून चालत निघाला. खरखर वाढत वाढत शेजारच्या विहिरीवर जाऊन थांबली. शेतीची वीज रात्री यायची, पंप रात्री चालायचा आणि स्टार्टरमधले झिजलेले काँटॅक्ट ठिणग्या टाकायचे. शेजाऱ्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. त्यानं दुसऱ्या दिवशी ते बदलून घेतले.

पुढे २०२० मध्ये वेल्समधल्या अबरहोसन या खेड्याची बातमी वाचली. तिथं दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता अख्ख्या गावाचं ब्रॉडबँड बंद पडायचं. अभियंत्यांनी पहाटे पावसात यंत्र घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. सातला तो लागला की गाव तुटायचं. मालकानं ओशाळून तो पुन्हा लावला नाही. मला आमचा लाइनमन आठवला.

आता खोडदकडे येतो. पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळ, गोविंद स्वरूप यांनी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी, सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टींत एक होती रेडिओशांतता. इथं ऐकू येणारे संकेत इतके क्षीण, की ते मोजायच्या एककाला जान्स्कीचंच नाव दिलेलं आहे. २००१ मध्ये ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली. पण शेतं तिथंच आहेत, पंप आहेत, विजेचे खांब आहेत. ठिणगीचे धक्के वेचून बाजूला काढणारी गणकीय गाळणी अद्ययावत दुर्बिणीत बसवावी लागली. परिसरात मोबाइलचे मनोरे, कारखाने उभारताना दुर्बिणीचा विचार करावा लागतो. नारायणगाववरून आखलेला पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग याच कारणानं अडला आणि तालुक्यात नाराजी पसरली. ती नाराजी मला खोटी वाटत नाही. जगाला आकाश ऐकायला मिळावं म्हणून इथल्या माणसांनी आपला आवाज कमी ठेवायचा, याची किंमत तेच मोजतात.

एक गोष्ट मात्र खटकते. तबकड्यांतले संकेत खोडदच्या मुख्य केंद्रात काचतंतूंतून येतात. काचेतून प्रकाश जातो, त्याला विजेची ठिणगी ऐकूच येत नाही. या शेतांखालून तो काचतंतू गेला, त्यानंतर कितीतरी वर्षं भोवतालची घरं तांब्याच्या गंजक्या तारेवरच होती. अवघ्या देशातल्या ग्रामपंचायतींना काचतंतूनं जोडायची योजना मंजूर झाली २०११ मध्ये.

आता आमच्या गावच्या घरीही काचतंतू आला आहे. शेजारच्या पंपाचं आम्हाला काही कळत नाही, आणि त्यालाही आम्हाला काही विचारावं लागत नाही. सोय झाली, यात शंका नाही.

पण अब्बांच्या त्या संध्याकाळी आठवतात. बातम्या संपायच्या. मी सांगायला धावत जाईपर्यंत गिरणी बंदच असायची. अंधारात अण्णांचा हात बटणावर असायचा, आणि मी काही बोलायच्या आधी तेच विचारायचे, "काय रे, दिसला का?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)