महजरांच्या शेवटचीं नांवें

कै. राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्यें प्रसिद्ध केला, त्याला आतां सव्वाशें वर्षें उलटून गेलीं. या अवधींत मोहिमा, तहनामे, वंशावळी आणि कैफियती यांची छाननी पुष्कळ झाली. परंतु ज्या रयतेच्या धान्यावर ह्या मोहिमा चालल्या तिचा इतिहास लिहावा म्हटलें, तर साधनेंच नाहींत, अशी तक्रार अभ्यासकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येते. प्रस्तुत लेखकहि शाळेंत इतिहास शिकवितांना हेंच सांगत आला. आतां त्याचें मत बदललें आहे. साधनें आहेत, तीं कागदाच्या तळाशीं आहेत, आणि आपण कागद वरून खालीं वाचतां वाचतां तळाशीं पोंचण्यापूर्वींच थांबतों.

हें ज्यांत स्पष्ट दिसतें असा कागद म्हणजे महजर. हा शब्द अरबी. हजर, हाजिर, हुजूर हे ज्या धातूपासून झाले त्याच धातूचा. चारचौघांच्या हजेरींत झालेला निवाडा तो महजर. पाटीलकीचा तंटा असो, शेताच्या बांधाचा असो कीं भाऊबंदांच्या वांटणीचा असो, गोतसभा बसे, वादी-प्रतिवादी आपापल्या तकरीरा देत, साक्षी होत, आणि अखेर निर्णयाचा कागद होऊन त्यावर हजर असलेल्यांचीं नांवें पडत. या नांवांत देशमुख-देशपांडे असतात तसे सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, मुलाणी, चांभार, महार आणि मांगहि असतात. ज्यांना अक्षर येत नसे ते निशाणी करीत. पाटलाचा किंवा कुणब्याचा नांगर, शिपाईगड्याची कट्यार, वाण्याचा तराजू, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. अंगठ्याचा छाप सर्वांचा वरवर सारखाच दिसतो. निशाणीचें तसें नाहीं. मनुष्य कोणत्या कामावर जगतो तें ती एका रेघोटींत सांगते.

पंडितांच्या सभेंत अशा मनुष्याला कोण विचारणार, अशी शंका येईल. तिचें उत्तर स्मृतींतच आहे. मनूनें आठव्या अध्यायांत सीमावादाचा निर्णय सांगतांना, शेजारच्या गांवचे माहीतगार लोक मिळेनात तर कोणास विचारावें याची यादी दिली आहे. तींत पारधी आहेत, पांखरें धरणारे आहेत, गुराखी, कोळी, कंदमुळें खणणारे, साप धरणारे, शेतांत सांडलेले दाणे वेंचून पोट भरणारे आहेत. याज्ञवल्क्यहि गुराखी व रानांत फिरणारे यांस या कामीं प्रमाण मानतो. साक्षीदारानें तांबडें वस्त्र नेसून, माळ घालून, डोक्यावर माती घेऊन सीमा दाखवावी असा विधि आहे. ज्यांस गांवाच्या आंत मान नाहीं त्यांस गांवाची कड ठाऊक, हें शास्त्रकारांस उमगलें होतें. आपल्याकडे शिवेचा जाणता म्हणून महाराचा शब्द घेत, तो याच अनुभवामुळें. रात्रीं वेस राखणारा, मेलेलें ढोर ओढून गांवाबाहेर नेणारा, सरकारी टपाल पुढच्या गांवीं पोंचविणारा तोच. शीव कोठें वळते हें त्याच्या पायांस माहीत. महजरांतील महारांचीं नांवें बहुधा 'नाक' या प्रत्ययाचीं असतात. हा प्रत्यय 'नायक' शब्दापासून आला असें मानतात. कोरेगांवच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्तंभावरहि अशीं 'नाक'युक्त नांवें कोरलेलीं आहेत. कागदावर तीं तळाशीं, आणि दगडावर मात्र डोळ्यांसमोर.

बलुत्याच्या ओळींची गोष्टहि अशीच उलट वाटणारी आहे. खळ्यावर धान्य वांटतांना सुतार, लोहार, महार हे थोरल्या ओळींत येत, तर भट, गुरव, मुलाणी धाकट्या ओळींत. गांवोगांव फरक असे, पण शेतीला ज्याची गरज अधिक त्याचा वांटा मोठा, हें धोरण सामान्यतः दिसतें. पंक्तींत ज्याचें पान पहिलें त्याची पेंढी खळ्यावर शेवटची! वर्णव्यवस्थेचा इतिहास केवळ ग्रंथांवरून लिहिणाऱ्यांनीं एकदां खळ्याचे हिशेब पाहावे.

मात्र एवढ्यावरून जुनें गांव म्हणजे समतेचें आगर होतें असें कोणी समजूं नये. असें समजणारे लेखक झाले आहेत व त्यांत आमच्या पेशाचेहि पुष्कळ आहेत. ज्याच्या साक्षीनें शीव ठरे त्यास गांवच्या विहिरीवर पाणी मिळत नसे. वतन हा हक्क होता खरा, पण त्याच्या बदल्यांत सारें घर पिढ्यान्‌पिढ्या वेठीला बांधलेलें असे. डॉ. आंबेडकरांनीं इ. स. १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं बिल आणलें तें याच बंधनावर घाव घालण्यासाठीं. तें त्या वेळीं तडीस गेलें नाहीं. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें इ. स. १९५८ च्या कायद्यानें नष्ट झालीं.

आणि निशाणी करण्याइतकाहि अधिकार ज्यांस नव्हता त्यांचें काय? उपरी कुळें गांवांत राहून जमीन कसीत. पण मिरासदाराचा गोतसभेंतील मान त्यांस नसे. फिरस्त्यांचें तर गांवच नव्हतें. सर्वांत खालीं कुणबिणी. पेशव्यांच्या रोजनिशींतून वाड यांनीं निवडलेल्या उताऱ्यांत त्या भेटतात, पण साक्षीदार म्हणून नव्हे; बैल किंवा भांडें यांच्याप्रमाणें, कोणाकडून घेतली, कोणास दिली, कोठें पळाली, अशा नोंदींत. कोठीवर, थट्टींत, मुदबखान्यांत राबणाऱ्या या बायकांपैकीं एखादीला म्हातारपणीं सोडून दिल्याचा हुकूम आढळतो, आणि तेवढ्यापुरतें तिचें नांव आपणांस कळतें. ती पुढें कोठें गेली, तिला कोणी घरांत घेतलें काय, हें कागद सांगत नाहीं. गुलामावरील मालकी कंपनीच्या न्यायालयांनीं मानूं नये असा कायदा इ. स. १८४३ मध्यें झाला. निशाणीचा जसा अर्थ लावावयाचा तसा निशाणीच्या अभावाचाहि लावला पाहिजे, तो याकरितां.

आतां एक कबुली. तरुणपणीं सुटीच्या दिवसांत एका जुन्या घराण्याच्या दप्तरांतील मोडी कागदांच्या नकला करण्याचा छंद मला लागला होता. मजकूर मीं अक्षरशः उतरला; शुहूर सन, तारखा, मायने, कशांत चूक होऊं दिली नाहीं. शेवटाकडे आलें कीं हात दुखत असे व दिवाबत्तीची वेळ झालेली असे. परवां ती वही काढून पाहिली. सात महजरांपैकीं पांचांखालीं माझ्या हस्ताक्षरांत एवढेंच आहे: 'खालीं साक्षी व निशाण्या.' किती, कोणाच्या, कांहीं नाहीं. तो वाडा पुढें पाडला गेला आणि रुमाल रद्दीच्या भावानें गेले, असें त्या घरच्यांनीं मागाहून सांगितलें. उरलेल्या दोन महजरांच्या निशाण्या मात्र, त्या दिवशीं वेळ होता म्हणून, काढलेल्या आहेत: चार नांगर, एक तराजू, एक आरसा. सातवी निशाणी शाई पसरल्यामुळें ओळखूं येत नाहीं; तिच्याशेजारीं नांव आहे, तें 'नाक' या अक्षरांनीं संपतें.