मूत्रमार्ग संसर्ग, रुग्णालयजन्य

रुग्णालयात दाखल झाल्यानंतर, बहुधा मूत्राशयात बसविलेल्या नळीमुळे (कॅथेटरमुळे), मूत्रमार्गात होणारा जंतुसंसर्ग. रुग्णालयजन्य संसर्गाच्या प्रतिबंधात हात धुण्याचे महत्त्व इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे दाखविले (पहा : जंतुनाशन), तर भारतात २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेखाली सरकारी रुग्णालयांतील स्वच्छतेचे व संसर्गनियंत्रणाचे मूल्यमापन होते. एश्चेरिकिया कोलाय हा आतड्यातील जीवाणू मूत्रमार्गाच्या संसर्गाचे प्रमुख कारण असून, नळीवर जंतूंचा चिकट थर (जैवपटल) साचत असल्याने ती जितके दिवस राहते तितका धोका वाढतो. म्हणून परिचारिका निर्जंतुक पद्धतीने नळी बसविते, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला टेकणार नाही अशी अडकविते, ती रिकामी करताना तोटी भांड्याला लागू देत नाही आणि नळीची गरज रोज तपासून ती लवकर काढण्याविषयी डॉक्टरांना सुचविते (पहा : परिचर्या). पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ पश्चिम भागातील आदिवासी गावांहून मंचर, घोडेगाव वा जुन्नर येथील सरकारी रुग्णालयात वारंवार येणे कष्टाचे असल्याने, नळीसह घरी जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना ही निगा शिकविणे तेथे विशेष महत्त्वाचे ठरते. प्रतिबंधामुळे प्रतिजैविकांचा वापरही घटतो (पहा : प्रतिजैविकरोध).