फावडे आणि घड्याळ

राजाला मसलत देणारे मंत्री आणि पेढीला हिशेब सांगणारे मुनीम आपल्या देशाला नवे नाहीत. परंतु ज्याने तो धंदा स्वतः केलेला नाही, ज्याचे त्यात भांडवल नाही आणि ज्याला तेथे कायमची चाकरीही करावयाची नाही, अशा त्रयस्थाने कारखान्याच्या दारात यावे, काही महिने पाहणी करावी, ‘काम असे करू नका, असे करा’ म्हणून सांगावे आणि त्याबद्दल फी घ्यावी, हा प्रकार मात्र नवा आहे. त्याचे वय सव्वाशे-दीडशे वर्षांच्या पलीकडे जात नाही. माल कोठल्या गोदामात ठेवावा, कोणत्या वाटेने हलवावा, एका कागदावर किती सह्या असाव्यात, दहा माणसांचे काम सात माणसांत कसे बसवावे, हे सांगणाऱ्या सल्लागार संस्था आज जगभर पसरलेल्या आहेत. या धंद्याचा जन्म कसा झाला आणि जन्मतःच कोणता वाद त्याच्या कपाळी लिहिला गेला, ते येथे पाहावयाचे आहे. काम सुधारण्याची अक्कल कोणाजवळ असते आणि सुधारलेल्या कामाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, असा तो वाद आहे.

या कथेचा नायक फ्रेडरिक विन्स्लो टेलर. १८५६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ एका सुखवस्तू कुटुंबात त्याचा जन्म झाला. हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला होता. पण डोळ्यांच्या तक्रारीमुळे तो तिकडे गेला नाही आणि एका लहान कारखान्यात उमेदवारी करू लागला. १८७८ मध्ये तो मिडव्हेल येथील पोलाद कारखान्यात साधा कामगार म्हणून लागला आणि काही वर्षांतच तेथील मुख्य अभियंता झाला. कामगार मुद्दाम हात आखडून काम करतात, हे त्याने त्यांच्यात वावरून पाहिले होते. अधिक काम केले की मालक दर कमी करतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे त्यांच्या वागण्यात एक हिशेबच होता. हा हिशेब टेलरला कळत होता. मात्र त्यावरचा त्याचा उपाय वेगळा होता. एका दिवसाचे योग्य काम किती, हे मालकानेही ठरवू नये आणि कामगारानेही ठरवू नये. ते शास्त्राने ठरवावे, असे तो म्हणे. त्या शास्त्राचे हत्यार म्हणजे सेकंद मोजणारे घड्याळ. १८९३ पासून तो सल्लागार अभियंता म्हणून स्वतंत्र व्यवसाय करू लागला. कारखान्याची व्यवस्था लावणे आणि उत्पादनखर्चाचा हिशेब बसवणे ही आपली खासियत असल्याचे तो आपल्या छापील कार्डावर सांगत असे.

१८९८ साली पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथील लोखंडाच्या कंपनीने त्याला बोलावले. यंत्रशाळेत त्याने व त्याचा सहकारी मॉन्सेल व्हाइट याने भरवेगाने कापणाऱ्या पोलादाचा जो शोध लावला, तो जगभर मान्य झाला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रयोग यंत्रशाळेबाहेरच्या उघड्या आवारात झाले. तेथे यंत्र नव्हते. माल एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकणे, एवढेच काम होते.

पहिला प्रयोग लोखंडाच्या लगडींचा. आवारात सुमारे ८०,००० टन कच्चे लोखंड पडून होते. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपले, भाव चढले आणि ते विकले गेले. आता ते रेल्वेच्या वाघिणींत भरावयाचे होते. एकेक लगड ९२ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२ किलोंची. ती उचलावयाची, फळीवरून चढावयाचे आणि वाघिणीत टाकून परत यावयाचे. एक माणूस दिवसाला साडेबारा टन माल भरी. तो साडेसत्तेचाळीस टन भरू शकेल, असे टेलरने ठरवले. सोप्या भाषेत सांगावयाचे तर दहा तासांत साडेअकराशेच्या आसपास खेपा. टेलरने आपल्या ग्रंथात ‘श्मिट’ या नावाने ज्या मजुराची गोष्ट सांगितली आहे, त्याचे खरे नाव हेन्री नोल. ‘उचल म्हटले की उचल, बस म्हटले की बस’ अशा शिस्तीने त्याच्याकडून हे काम करून घेतले, असे टेलर सांगतो. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंटवर गेली. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी शेकडा साठांनी वाढली. याहून अधिक पैसा हातात आला तर मजूर बिघडतो, असे टेलरने लिहून ठेवले आहे. हे काम करणारा माणूस बुद्धीने बैलासारखा असावा लागतो, असेही त्याने लिहिले आहे. ज्याच्या पाठीवर आपले शास्त्र उभे केले, त्याच्याविषयी असे लिहिताना त्याची लेखणी अडखळली नाही, याची आम्हांला खंत वाटते.

आणि ते शास्त्र तरी कितपत शास्त्र होते? चार्ल्स रेगी आणि अमेदेओ पेरोनी या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा एक वेगळीच हकीकत बाहेर आली. १८९९ मध्ये टेलरच्या दोघा साहाय्यकांनी दहा धट्टेकट्टे हंगेरियन मजूर निवडून त्यांना होता होईल तितक्या वेगाने एक वाघीण भरावयास लावली. साडेसोळा टन माल चौदा मिनिटांत भरला गेला. त्यावरून दिवसाचा आकडा माणशी ७१ टन निघाला. तो ७५ धरला गेला आणि विश्रांतीसाठी व खोळंब्यासाठी त्यातून शेकडा ४० वजा केले. उरले ४५. ही वजाबाकी चाळीसचीच का, तीसची किंवा साठची का नाही, याला कोठे आधार नाही. चौदा मिनिटांचा दम सबंध दिवसाला लावला आणि मग अंदाजाने तो खाली आणला. घड्याळ अचूक होते. पण घड्याळाच्या दोन्ही बाजूंना अंदाजच होता.

तरीही टेलरला निव्वळ पोकळ ठरवणे अन्यायाचे होईल. दुसरा प्रयोग फावड्यांचा, आणि येथे त्याची दृष्टी खरोखर तीक्ष्ण होती. सुमारे दोन मैल लांबीच्या त्या आवारात ४०० ते ६०० मजूर कधी अशुद्ध धातू, कधी कोळसा, कधी राख उपसत. फावडे ज्याचे त्याने घरून आणावे, अशी रीत होती. त्यामुळे तेच फावडे बारीक कोळशात घातले की साडेतीन पौंड माल उचले आणि जड अशुद्ध धातूत घातले की ३८ पौंड. पहिल्यात श्रम वाया जात आणि दुसऱ्यात माणूस थकून जाई. निरनिराळ्या वजनांनी प्रयोग करून टेलरने ठरवले की फावड्यात सुमारे २१ पौंड माल असला म्हणजे दिवसाअखेर सर्वांत अधिक काम होते. मग कंपनीने स्वतःची फावडी केली: जड मालाला लहान, हलक्या मालाला मोठे. ती ठेवण्यासाठी हत्यारांची खोली बांधली. रोज सकाळी प्रत्येक मजुराला दोन चिठ्ठ्या मिळत. आज कोणते हत्यार घ्यावयाचे व कोठे जावयाचे ते एकीवर, आणि काल किती काम झाले व किती मजुरी पडली ते दुसरीवर. कोणती वाघीण कोठे येणार आणि तेथे कोणती माणसे पाठवावयाची, हे कचेरीत बसलेले कारकून नकाशे व टेलिफोन यांच्या साहाय्याने आदल्या दिवशीच ठरवीत. आज ज्याला मालवाहतुकीचे नियोजन म्हणतात, त्याचे बाळरूप येथे दिसते.

टेलरने दिलेल्या आकड्यांप्रमाणे माणशी रोजचे काम १६ टनांवरून ५९ टनांवर गेले. एक टन माल हाताळण्याचा खर्च ७.२ सेंट होता तो, कचेरीचा व हत्यारांचा खर्च धरूनही, ३.३ सेंटवर आला. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८८ सेंट झाली. आणि आवारातली माणसे १४० उरली. बाकीची कोठे गेली? त्यांना कंपनीत दुसरी कामे मिळाली, असे टेलरचे सांगणे. गंमत अशी की मालकमंडळीही या कपातीवर खूश नव्हती. गावातली घरे आणि दुकाने कंपनीच्याच मालकीची होती. माणसे गेली तर भाडे कोण देणार, असे ते म्हणत, अशी आठवण टेलरच सांगत असे. १९०१ च्या वसंतात कंपनीने त्याला निरोप दिला. सल्लागाराचा सल्ला खरा ठरला तरी तो कोणाला ना कोणाला बोचतोच, हे त्या धंद्याने पहिल्याच पिढीत अनुभवले.

टेलरची कीर्ती मात्र वाढत गेली. १९१० मध्ये रेल्वे कंपन्यांनी भाडेवाढ मागितली तेव्हा लुई ब्रँडाइस या वकिलाने युक्तिवाद केला की भाडे वाढवण्यापेक्षा कारभार सुधारावा. रेल्वे कंपन्यांना रोज दहा लाख डॉलर वाचवता येतील, अशी साक्ष हॅरिंग्टन इमर्सन या सल्लागाराने त्या प्रकरणात दिली आणि ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. पुढच्याच वर्षी टेलरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये बॉस्टनजवळील वॉटरटाउन येथल्या सरकारी शस्त्रागारात पहिला भडका उडाला. ओतकाम करणाऱ्या कारागिरांपुढे टेलरच्या पंथातला एक माणूस घड्याळ घेऊन उभा राहिला. एका साच्याच्या कामाला त्याने २४ मिनिटे लावून दिली. कारागिरांनी तेच काम स्वतः मोजले, तर ५० मिनिटे लागली. वेळ मोजणाऱ्याला घड्याळ कळत होते, ओतकाम कळत नव्हते. एका कारागिराने वेळ मोजू देण्यास नकार दिला, त्याला काढून टाकण्यात आले आणि बाकीचे बाहेर पडले. प्रकरण अमेरिकन संसदेच्या समितीपुढे गेले. १९१२ च्या जानेवारीत टेलरची तेथे दीर्घ उलटतपासणी झाली. १९१५ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी लष्करी खर्चाच्या कायद्यात कलम घालून सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावण्यास बंदी करण्यात आली. अशी बंदी १९४९ पर्यंत टिकली.

हा वाद समुद्रापलीकडेच राहिला नाही. आपल्या गिरणगावाला तो १९२८ साली पाहावा लागला. कापडधंद्यात मंदी होती आणि खर्च उतरवणे मालकांना भाग होते. वर्षाच्या आरंभी ई. डी. ससून यांच्या गिरण्यांतून नवी पद्धत आली: साळखात्यात विणकराने दोनांऐवजी तीन माग चालवावेत आणि कातणाऱ्यानेही वाढीव काम पाहावे. येथे बाहेरचा सल्लागार नव्हता. पण विचार त्याच घराण्यातला होता. सूत चांगले असेल, ते वारंवार तुटत नसेल, तर तिसरा माग झेपेल, हे कामगारही जाणत होते. पण कापूस हलका, सूत कच्चे आणि माग तीन, हे गणित बसत नव्हते. शिवाय प्रत्येक तिसऱ्या मागामागे एका सोबत्याची भाकर जात होती. एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे हे निरनिराळ्या मतांचे पुढारी एकाच संप-समितीत बसले आणि गिरणी कामगार युनियनचा जन्म त्याच धुमश्चक्रीत झाला. कोकणातल्या आणि देशावरल्या कितीतरी गावांनी त्या पावसाळ्यात आपल्या परत आलेल्या माणसांना पोसले.

येथे एखादा म्हणेल की मग सल्लागार हा प्राणीच नको. आम्हांला ते मान्य नाही, कारण पंचवीस वर्षांनी अहमदाबादेत याच कापडधंद्यात नेमके उलटे उदाहरण घडले. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते. माग उत्तम, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे निघेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस सल्लागार म्हणून आले. घड्याळाची मोजणी आधीच झालेली होती. तिच्याच आधारे २२४ मागांचे काम २९ माणसांत आणि बारा प्रकारांत वाटले होते. विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेला ताणा जोडणारा वेगळा. आणि प्रत्येकाकडे मागांची संख्याही वेगळी. त्यामुळे एका विणकराच्या वाट्याला बॉबिन भरणाऱ्याचा अर्ध्याहून थोडा अधिक हिस्सा आणि ताणा जोडणाऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा येई. आपल्या मागाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणालाच सांगता येत नव्हते. राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांसाठी एक लहान गट असावा आणि कामाची वाटणी गटाने आपसांत करावी. ही कल्पना खात्यात पोहोचताच कामगारांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी ती उचलून धरली. कोण कोणत्या गटात, याच्या याद्याही त्यांनीच केल्या. पहिल्या खात्यात मागांची कार्यक्षमता शेकडा ८० च्या आसपास होती ती ९५ पर्यंत गेली आणि सदोष कापड शेकडा ३२ वरून २० वर आले. माणसे तीच, माग तेच.

हेही अमृत नव्हते. १९७० मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा एका खात्यात गटपद्धती टिकून होती; इतरत्र बाजाराच्या आणि मालाच्या बदलत्या रेट्याखाली ती विरळ झाली होती. पुढे ती गिरणीही बंद पडली, बेथलेहेमच्या कंपनीनेही एकविसाव्या शतकाच्या आरंभी दिवाळे काढले, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले. चांगली व्यवस्था धंद्याला अमर करीत नाही. पण धंदा चालू असेतो त्यातल्या माणसांचे दिवस कसे जातात, हे तिच्यावर पुष्कळ अवलंबून असते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. बाहेरच्या डोळ्याला जे दिसते ते आतल्याला सवयीमुळे दिसत नाही; घरून आणलेले फावडे वर्षानुवर्षे कोणाला खटकले नव्हते, ते टेलरला खटकले. पण साच्याला २४ मिनिटे पुरतील की नाही, हे ओतकाम करणाऱ्या हातालाच ठाऊक असते. उद्या आपल्या तालुक्याच्या साखर कारखान्यात ऊसतोडणीची आणि वाहतुकीची घडी बसवण्यासाठी कोणी तज्ज्ञ आला, तर सभासदांनी त्याला अवश्य बसावयास खुर्ची द्यावी, त्याचे आकडे तपासावेत आणि मग दोन गोष्टी विचाराव्यात: फडातल्या कोयत्याशी आणि रात्रभर वजनकाट्यापुढे ताटकळणाऱ्या गाडीवानाशी आपण किती वेळ बोललात? आणि जे वाचणार आहे, त्यातले त्यांच्या पदरात किती घालणार आहात? याची उत्तरे त्याच्या अहवालात नसतील, तर तो अहवाल अजून पुरा झालेला नाही, असे खुशाल समजावे.