एका वेळापत्रकाची 140 वर्षे

मार्च 1873 मध्ये लंडनच्या थॉमस कुक कंपनीने युरोप खंडाचे रेल्वे वेळापत्रक छापले. गाडी कधी सुटते, कुठे पोहोचते, पुढची गाडी वा आगबोट कुठे गाठायची, एवढाच त्याचा विषय. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर हे पुस्तक 140 वर्षे निघत राहिले. परमुलखात आगगाडीने फिरणाऱ्या कित्येक पिढ्यांनी आपला प्रवास त्याच्याच भरवशावर आखला.

त्याआधी वेळापत्रके नव्हती असे नाही. मँचेस्टरचा नकाशे कोरणारा कारागीर जॉर्ज ब्रॅडशॉ याने 1839 मध्ये इंग्लंडातल्या गाड्यांच्या वेळा एकत्र छापल्या आणि 1847 मध्ये युरोप खंडासाठी वेगळे पुस्तक काढले. ज्यूल व्हर्नच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीतला फिलिअस फॉग 2 ऑक्टोबर 1872 रोजी लंडन सोडतो, तेव्हा त्याच्या काखेत हेच पुस्तक असते. योगायोग असा, की त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबरमध्ये, खुद्द थॉमस कुक मोजकी मंडळी घेऊन खऱ्याखुऱ्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. त्याला 222 दिवस लागले. या दोघांच्या वाटेवर हिंदुस्थान होता. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग 1870 मध्येच जोडला गेला होता. व्हर्नने मात्र तो मध्येच तुटलेला दाखवून फॉगला हत्तीवर बसवले.

वेळापत्रक काढण्याची कल्पना कुकच्या कंपनीतल्या जॉन ब्रेडॉल याची, आणि पहिला संपादकही तोच. पण कुकची खरी ताकद होती तिकिटांत. त्या काळी लंडनहून रोमला जायचे तर वाटेतल्या प्रत्येक रेल्वे कंपनीचे तिकीट वेगळे, चलन वेगळे, खिडकीवरची भाषा वेगळी. कुक आणि त्याचा मुलगा जॉन मेसन यांनी एकेका कंपनीशी बोलणी करून टप्प्याटप्प्याची कुपने मिळवली आणि त्यांची एकच वही बांधून दिली. लंडनमध्ये पौंडांत एकदा पैसे भरायचे आणि वाटेत एकेक कुपन देत पुढे जायचे. 1868 मध्ये हॉटेलांची कुपने आली. 1874 मध्ये कुकच्या पतपत्रांवर परदेशात रोकड मिळू लागली. प्रवासी धनादेशाचे हे आद्य रूप. भाषा न येणारा, हाताशी नोकरचाकर नसलेला मध्यमवर्गीय माणूस यामुळे घराबाहेर पडला. कुकचे मोठेपण इथे आहे.

दुसरी अडचण होती घड्याळाची. गावोगावच्या वेळा निराळ्या होत्या आणि सीमा ओलांडली की गणित पुन्हा बदले. 1891 मध्ये पॅरिसची वेळ सगळ्या फ्रान्सला लागू झाली. तरीही फ्रेंच स्थानकांच्या बाहेरचे घड्याळ पॅरिसची वेळ दाखवी आणि फलाटावरचे मुद्दाम पाच मिनिटे मागे असे. धावतपळत येणाऱ्याची गाडी चुकू नये म्हणून केलेली ही सोय 1911 पर्यंत टिकली. मुंबईकरांना याचे नवल वाटू नये. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, पण मुंबई शहराने आपली 39 मिनिटे मागे असलेली वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती! कुकच्या वेळापत्रकाने 1919 च्या डिसेंबरपासून 24 तासांची पद्धत घेतली आणि सकाळचे आठ की रात्रीचे, हा घोळ संपला.

रात्रीच्या प्रवासाची कहाणी वेगळी. बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमॅकर्सने अमेरिकेत पुलमनचे शयनयान डबे पाहिले आणि तशीच सोय युरोपात आणायचे ठरवले. डबे त्याच्या वागाँ-ली कंपनीचे, इंजिन आणि रूळ त्या त्या देशाचे. 4 ऑक्टोबर 1883 रोजी पॅरिसहून सुटलेल्या ओरिएंट एक्स्प्रेसमागे हीच व्यवस्था होती. कॉन्स्टँटिनोपलपर्यंत सलग रूळ तेव्हा नव्हते. डॅन्यूब नावेने ओलांडून, दुसरी गाडी पकडून, वार्ना बंदरातून बोटीने पुढे जावे लागे. सलग गाडी 1889 मध्ये सुरू झाली. 1928 मध्ये याच वागाँ-लीने थॉमस कुक कंपनी विकत घेतली.

हे वेळापत्रक वाचणे ही एक विद्याच होती. आधी नकाशा उघडायचा, हव्या त्या मार्गावरचा तक्त्याचा क्रमांक टिपायचा, मग ते पान काढायचे. म्यूनिकहून वेरोनाला जायचे असेल तर इन्सब्रुक, ब्रेनर, बोल्झानो, ट्रेंटो अशी स्थानके वरून खाली आणि प्रत्येक गाडीला एक उभा रकाना. रकान्याच्या माथ्यावर बारीक खुणा. वर्तुळातला 1 म्हणजे सोमवार, 7 म्हणजे रविवार. एकमेकांवर आडवे हातोडे असले की गाडी फक्त कामाच्या दिवशी. चौकटीतला आर म्हणजे आरक्षणावाचून बसू नका. पलंगाचे चित्र म्हणजे शयनयान. एक खूण नजरेतून सुटली तर सीमेवरच्या स्थानकात रात्र काढायची वेळ येई.

1959 मध्ये युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी 13 देशांत चालणारा युरेल पास आला. 1972 मध्ये युरोपातल्या 21 वर्षांखालील मुलांसाठी इंटररेल. वहीभर कुपनांच्या जागी एकच कागद. पाठीवर पिशवी आणि हातात कुकचे पुस्तक घेतलेली तरुण मुले गाडीत दिसू लागली. सकाळी उठून ‘आज कुठे?’ असे ठरवायचे स्वातंत्र्य त्यांना या दोन वस्तूंनी दिले.

ऑगस्ट 2013 मध्ये थॉमस कुकने शेवटचा अंक काढला. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ती ब्रिटिश कंपनीच बुडाली; मुंबईत मुख्यालय असलेली त्याच नावाची भारतीय कंपनी वेगळ्या मालकीची, ती चालू राहिली. वेळापत्रक मात्र कंपनीबरोबर गेले नाही. ते तयार करणाऱ्या माणसांनीच स्वतंत्र संस्था काढून 2014 मध्ये ‘युरोपियन रेल टाइमटेबल’ या नावाने ते पुन्हा सुरू केले.

वेळा आता फोनवर क्षणात कळतात, पण तिकिटाच्या बाबतीत प्रवासी मागे गेला आहे. दोन-तीन देश ओलांडायचे तर अनेकदा वेगवेगळ्या कंपन्यांची तुटक तिकिटे घ्यावी लागतात, आणि पहिली गाडी उशिरा आली तर दुसरीची जबाबदारी कोणावर, याचे उत्तर सहज मिळत नाही. पास असला तरी फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांत तसेच चढता येते. कुकच्या वहीने दीडशे वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी पुन्हा उभा केला आहे, आणि तो त्यांनीच सोडवायला हवा. तोवर युरोपला निघणाऱ्यांनी तिकिटे काढण्याआधी एक संध्याकाळ नकाशा आणि वेळापत्रक समोर घेऊन बसावे, आरक्षण कुठे सक्तीचे आहे ते आधी पाहावे आणि दोन गाड्यांमध्ये निदान तासाभराची सवड ठेवावी.